नोकरीची कागदपत्रे आणि नोकरीचा हक्क

(बुद्धविहारातील रविवारच्या सभेत नोकरदार व कामगार कुटुंबांपुढे केलेले भाषण)



आजच्या सभेसाठी चिटणिसांनी मला 'नोकरदारांचे हक्क' असा विषय दिला आहे. विषय फार मोठा आणि वेळ घटकाभराचा. म्हणून त्यातील एकच प्रश्न मी आपणांपुढे मांडणार आहे. मालकाच्या अथवा साहेबाच्या कपाटात आपल्याविषयी जे लिहून ठेवलेले असते, ते पाहण्याचा अधिकार आपणांस आहे की नाही? आणि जो कागद आपणांस कधी दाखविलाच नाही, त्याच्या आधारे आपणांस कामावरून काढून टाकता येते काय? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याला ठाऊक आहेत, त्याची नोकरी अन्यायाने हिरावून घेणे सोपे नसते.

आपल्या वाडवडिलांना नोकरी नव्हती, वतन होते. वतनाच्या कामाला दिवस-रात्र नव्हती. कामगिरीचा सांगावा आला की निघावे लागे, आणि कर्ता माणूस घरी नसेल तर घरातील दुसऱ्याने जावे लागे. कामाचे तास किती, मोबदला किती, कोणत्या कारणाने काढून टाकता येईल, यांपैकी एकही गोष्ट लेखी स्वरूपात त्यांच्या हाती नव्हती. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. तरीही ही कनिष्ठ वतने नष्ट व्हावयास १९५८ चा कायदा यावा लागला. वतन आणि नोकरी यांतील भेद केवळ रोख पगाराचा नाही. वतनात एकाचा शब्द चाले, तर नोकरीत दोघांनाही बांधणारा कागद चालतो. परंतु तो कागद एकट्या मालकाच्याच कपाटात राहिला आणि आपण तो कधी मागितलाच नाही, तर त्या नोकरीत आणि वतनात फरक तो काय राहिला?

माझ्याकडे पक्षकार येतात, तेव्हा हीच गोष्ट मी वारंवार पाहतो. एका कारखान्यात चौदा वर्षे काम केलेला गृहस्थ माझ्याकडे आला. त्याच्याजवळ फाटकाचा पास आणि एका समारंभातील छायाचित्र, एवढेच होते. नेमणूकपत्र नाही, पगाराची चिठ्ठी नाही, दिलेल्या अर्जांच्या पोचा नाहीत. समोरच्या बाजूने मात्र जाडजूड फाइल आली आणि तिच्यात त्याला दिलेल्या म्हणून दाखविलेल्या पाच ताकिदी होत्या. त्यांतील एकही त्याने पूर्वी पाहिलेली नव्हती. तो माणूस खोटे बोलत नव्हता. पण न्यायालयापुढे खरेपणालाही पुरावा लागतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. सर्व नोकरदारांना एकच कायदा लागू होत नाही, हे प्रथम ध्यानात ठेवावे. सरकारी नोकर, खासगी शाळांतील शिक्षक व शिक्षकेतर सेवक, आणि कारखाने व कंपन्यांतील कामगार, असे तीन वर्ग मी सोयीसाठी करतो.

प्रथम सरकारी नोकर. संविधानाच्या अनुच्छेद ३११ ने केंद्र आणि राज्य यांच्या मुलकी सेवकांना दोन अभिवचने दिली आहेत. नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याहून खालच्या अधिकाऱ्याला त्यांना बडतर्फ करता येत नाही. आणि दोषारोप कळवून, बाजू मांडण्याची वाजवी संधी देऊन चौकशी केल्याखेरीज बडतर्फी, सेवेतून काढून टाकणे किंवा पदावनती करता येत नाही. याला काही अपवाद आहेत. फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरलेल्या नोकराच्या बाबतीत अशी चौकशी आवश्यक नसते. पण अपवाद तो अपवादच. नियम चौकशीचाच आहे.

सरकारी नोकराच्या नोंदीचे दोन मुख्य कागद असतात: सेवापुस्तक आणि गोपनीय अहवाल. सेवापुस्तकात नाव, जन्मतारीख, नेमणूक, वेतनवाढ, रजा, बदली, शिक्षा, सारे काही असते. ते नोकराने वेळोवेळी पाहून त्यावर सही करावी, असे नियमच आहेत. पण आपले लोक काय करतात? लिपिकाने पान पुढे सरकविले की न वाचता सही करतात. चुकीची जन्मतारीख निवृत्तीच्या वर्षी ध्यानात येते आणि मग धावाधाव सुरू होते. महाराष्ट्राच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमांप्रमाणे जन्मतारखेच्या दुरुस्तीचा अर्ज सेवेत लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करावयाचा असतो. तीस वर्षांनी केलेला अर्ज, कितीही खरा असला तरी, बहुधा टिकत नाही.

येथे नवदीक्षित कुटुंबांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. धम्मदीक्षेनंतर धर्माची नोंद बदलते. काही जण नाव व आडनावही बदलतात. अनेकांना भीती वाटते की 'बौद्ध' असे लिहिले तर अनुसूचित जातीचा हक्क जाईल. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली आणि बौद्धांचा त्यात समावेश झाला. तेव्हापासून, अनुसूचित जातीत मोडणाऱ्या कुटुंबाने बौद्ध धम्म स्वीकारला, एवढ्याच कारणाने त्याचा तो दर्जा जात नाही. म्हणून भिऊन धर्म लपवू नये आणि जातीच्या रकान्यात मनाला येईल ते लिहूही देऊ नये. धर्म हा एक रकाना आहे, जात हा दुसरा. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि सेवापुस्तक या तिन्हींतील नाव व नोंदी एकमेकांशी जुळतात की नाही, हे आजच पाहावे. नाव बदलले असेल तर राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जोडून लेखी अर्ज करावा आणि झालेल्या नोंदीवर अधिकाऱ्याची सही व तारीख घ्यावी. खाडाखोड मात्र कोणालाही करू देऊ नये. आज निष्काळजीपणाने केलेली खाडाखोड उद्या लबाडी म्हणून आपल्याच माथी मारली जाते.

दुसरा कागद गोपनीय अहवालाचा. पूर्वी साहेब वर्षाच्या अखेरीस काय लिहितो, हे नोकराला कळतच नसे. फक्त प्रतिकूल शेरा कळविण्याची रीत होती. देवदत्त विरुद्ध भारत सरकार या २००८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला तो असा: एका अभियंत्याला एका वर्षी 'चांगला' असा शेरा मिळाला. पदोन्नतीस 'फार चांगला' शेरा लागत होता. 'चांगला' हा शेरा प्रतिकूल नाही, म्हणून तो कळविला नव्हता, असे सरकारचे म्हणणे. न्यायालयाने सांगितले की ज्या शेऱ्याने माणसाची पदोन्नती अडते, तो त्याच्यापुरता प्रतिकूलच होय. आणि शेरा कोणताही असो, तो कळविला पाहिजे. २०१३ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेच मत कायम केले. केंद्र सरकारच्या सेवांत तर २००८-०९ या अहवाल वर्षापासून संपूर्ण अहवाल नोकराला दाखविण्याची पद्धत सुरू झाली आहे. तेव्हा आपला अहवाल मागावा, वाचावा, आणि मान्य नसेल तर मुदतीच्या आत लेखी निवेदन द्यावे. वेळेवर न खोडलेला शेरा कायम राहतो.

कचेरीने कागद दाखविलेच नाहीत तर काय? २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने दहा रुपये शुल्क भरून आपल्या सेवापुस्तकाची, अहवालाची, चौकशीच्या कागदांची प्रत मागता येते. उत्तर सामान्यतः तीस दिवसांत द्यावे लागते. न दिल्यास अथवा नाकारल्यास तीस दिवसांच्या आत पहिले अपील करावे. येथे एक भेद ओळखावा. शेजारच्या टेबलावरील माणसाची फाइल मागितली तर ती त्याची खासगी माहिती म्हणून नाकारली जाईल. आपली मागितली तर खासगीपणाचे कारण आपल्याच विरुद्ध सांगता येत नाही. म्हणून अर्जात 'माझे स्वतःचे सेवापुस्तक' असे स्पष्ट लिहावे.

आता दुसरा वर्ग, खासगी शाळांचा. आपल्या समाजातील कितीतरी मुलीमुले अशा शाळांत शिकवितात. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आणि १९८१ चे नियम आहेत. या नियमांत एक मोलाची तरतूद आहे, जी फार थोड्या शिक्षकांना ठाऊक असते. गोपनीय अहवाल ठरल्या मुदतीत लिहिला नाही, किंवा त्यातील प्रतिकूल शेरे कळविले नाहीत, तर त्या काळातील काम समाधानकारक होते असेच धरले जाते. म्हणजे वर्षभर गप्प बसून, नंतर एके दिवशी 'तुमचे काम बरे नाही' असे म्हणून घरी पाठविण्याची वाट या नियमाने पुष्कळ अंशी बंद केली आहे. बडतर्फ केलेल्या किंवा काढून टाकलेल्या शिक्षकाने आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करावे. तीस दिवस म्हणजे तीस दिवस. संस्थाचालकांच्या घरी खेटे घालण्यात ते घालवू नयेत.

महाराष्ट्रातील एका खासगी प्राथमिक शाळेतील शिक्षिकेचे प्रकरण २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. तिची सेवासमाप्ती बेकायदेशीर ठरली होती. पण मधल्या काळाचा पगार उच्च न्यायालयाने नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो पूर्ण परत दिला आणि सांगितले की सेवासमाप्ती अन्यायाची ठरली, तर मागील पगारासह कामावर परत घेणे हा सामान्य नियम होय. नोकराने एवढेच सांगावे की मधल्या काळात मला तेवढ्या पगाराचे काम मिळाले नाही. ते मिळत होते असे मालकाचे म्हणणे असेल, तर ते त्याने सिद्ध करावे. नेमणूक, शेरे आणि शिक्षा यांची कागदपत्रे जपून ठेवली, तर पुढचा लढा किती सोपा होतो, याचा विचार करावा.

तिसरा वर्ग कामगारांचा. कामाच्या अटी लेखी असल्या पाहिजेत आणि कोणत्या वर्तनास कोणती शिक्षा हे आधी जाहीर झाले पाहिजे, हे तत्त्व आपल्या देशात १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याने रुजले. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखात्याचे सभासद होते. त्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षात हा कायदा झाला. आज तो कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, दोन्ही जाऊन त्यांच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे. २०२० साली संमत झालेली ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. पूर्वीच्या केंद्रीय कायद्यात स्थायी आदेश शंभर कामगारांच्या आस्थापनेस लागू होत; आता ही मर्यादा तीनशेवर गेली आहे. लहान कारखान्यातील कामगाराचे हे एक कवच गळून पडले आहे, हे मी लपवीत नाही. म्हणूनच त्याने आपले कागद अधिक दक्षतेने सांभाळले पाहिजेत.

तरीही काही हक्क शिल्लक आहेत, ते नीट ऐका. नव्या संहितांप्रमाणे प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र आणि पगाराची चिठ्ठी द्यावयाची आहे. कामावरून काढले किंवा कामगाराने राजीनामा दिला, तर देणे असलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत दिला पाहिजे. जेथे स्थायी आदेश लागू आहेत तेथे निलंबित कामगाराला पहिले नव्वद दिवस निम्म्या पगाराएवढा निर्वाहभत्ता मिळतो. त्यापुढे, विलंब कामगारामुळे झाला नसेल तर, पंचाहत्तर टक्के मिळतो. एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करावयाची तर कारणे देऊन एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार नुकसानभरपाई म्हणून द्यावा लागतो. वर्षात दोनशे चाळीस दिवस काम भरले, तर सामान्यतः ती सलग सेवा समजतात. ते दोनशे चाळीस दिवस सिद्ध करण्याचा पहिला भार कामगारावर पडतो. हजेरीपट मात्र मालकाकडे! म्हणून आपली हजेरी आपणही एका वहीत टिपून ठेवावी आणि पगाराची एकही चिठ्ठी टाकू नये.

कामावरून काढून टाकलेला कामगार संघटनेचा सभासद नसला तरी एकटा समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. अर्ज केल्यापासून पंचेचाळीस दिवसांत काही निष्पन्न झाले नाही, तर त्याला थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येते. मात्र काढून टाकल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत त्याने तेथे गेले पाहिजे. व्यवस्थापकीय अधिकारी आणि दरमहा अठरा हजार रुपयांहून अधिक पगार घेणारे पर्यवेक्षक या संहितेत 'कामगार' ठरत नाहीत. त्यांनी वेगळा सल्ला घ्यावा. आणि खासगी कंपनीतील कर्मचाऱ्याने हेही जाणावे की आपली सर्व फाइल केव्हाही पाहण्याचा सरसकट हक्क त्याला सरकारी नोकराप्रमाणे नाही. त्याचा खरा हक्क उभा राहतो तो दोषारोप ठेवला जातो त्या क्षणी.

आता त्या क्षणाविषयीच बोलतो, कारण येथे तिन्ही वर्ग जवळजवळ एका रेषेत येतात. दोषारोपपत्र हाती पडले की पुष्कळ जण एका रात्रीत रागाने उत्तर लिहितात आणि स्वतःचेच नुकसान करतात. प्रथम लेखी मागणी करावी की ज्या कागदांवर व ज्या साक्षीदारांच्या जबान्यांवर हे आरोप आधारले आहेत, त्यांच्या प्रती मला द्या. १९८६ साली उत्तर प्रदेशातील एका पोलीस अधिकाऱ्याची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, ती याच कारणाने. त्याला कागद केवळ पाहू दिले होते, शेकडो पानांच्या प्रती दिल्या नव्हत्या. प्रती नसतील तर साक्षीदाराची उलटतपासणी तो कशी करणार, असे न्यायालयाने विचारले.

चौकशी संपली म्हणजे चौकशी अधिकारी अहवाल देतो. १९९३ साली, करुणाकर यांच्या खटल्यात, पाच न्यायमूर्तींनी ठरविले की शिक्षा ठरविण्यापूर्वी त्या अहवालाची प्रत नोकराला दिली पाहिजे. आस्थापना सरकारी असो वा खासगी. पण त्याच निकालात असेही म्हटले आहे की केवळ प्रत दिली नाही एवढ्यावर बडतर्फी आपोआप रद्द होत नाही. त्यामुळे आपले काय नुकसान झाले हे दाखवावे लागते. म्हणून प्रत वेळीच मागितल्याचा अर्ज आणि त्याची पोच आपल्याजवळ असावी.

'इतके दिवस गैरहजर राहिला, म्हणून नाव आपोआप पटावरून गेले' असे सांगून काढून टाकण्याची एक रीत आहे. १९९३ च्याच दुसऱ्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा वेळीही म्हणणे ऐकून घेतल्यावाचून काढता येत नाही. कायम नोकराला कारण न सांगता एक महिन्याच्या नोटिशीवर घालविण्याचा दिल्ली परिवहन महामंडळाचा नियम १९९० साली घटनाबाह्य ठरला. महामंडळांत व सरकारी मालकीच्या संस्थांत काम करणाऱ्या आपल्या बांधवांनी हा निकाल ध्यानात ठेवावा. आणि सर्वांत मोठा सापळा म्हणजे राजीनामा. 'चौकशी झाली तर बदनामी होईल, त्यापेक्षा सही कर' असे गोड शब्दांत सांगितले जाते. त्या खोलीत कधीही सही करू नये. 'मी घरी विचार करून उद्या लेखी कळवितो' एवढेच म्हणून बाहेर पडावे. एकदा दिलेला राजीनामा दबावाखाली दिला होता हे सिद्ध करणे फार कठीण असते. कोऱ्या कागदावरील सही तर मागणारा कितीही ओळखीचा असो, देऊ नये.

बंधुभगिनींनो, कायद्याने अपराधी निरपराध होत नाही, हेही मी स्पष्ट सांगतो. ज्याने खरोखर चोरी केली, त्याची चोरी कागदाच्या चुकीमागे झाकण्यासाठी हे ज्ञान नाही. जो सचोटीने काम करतो, त्याची सचोटी दुसऱ्याच्या लेखणीने पुसली जाऊ नये, यासाठी ते आहे.

आणि माझ्या भगिनींना विशेष सांगणे आहे. पती कामावर जातो तेव्हा घरातील पेटीची किल्ली आपल्याजवळ असते. त्या पेटीत एक वेगळी फाइल करा. तिच्यात नेमणूकपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा, जातीचा दाखला, शाळेचा दाखला, दिलेल्या प्रत्येक अर्जाची तारीख व शिक्का असलेली पोच आणि आलेले प्रत्येक पत्र पाकिटासह ठेवा. पाकिटावरील टपालाचा शिक्का कधी कधी पत्राहूनही महत्त्वाचा ठरतो. आपण स्वतः नोकरी करीत असाल तर आपलीही अशीच दुसरी फाइल करा. शिकलेल्या मुलामुलींकडून वर्षातून एकदा ती वाचवून घ्या. ज्या घरात पूर्वी दस्तऐवज म्हणून एक चिटोरेही नव्हते, त्या घरातील मूल आपल्या आईबापांच्या सेवेचे कागद वाचून दाखविते, ही लहान गोष्ट नाही.

आपल्या विहाराच्या समितीला माझी एक विनंती आहे. महिन्यातून एक रविवार कागदपत्रे तपासण्यासाठी ठेवावा. ज्यांना सेवापुस्तक पाहावयाचे आहे, माहितीचा अर्ज लिहावयाचा आहे, दोषारोपपत्राला उत्तर द्यावयाचे आहे, त्यांनी त्या दिवशी यावे. मी व माझे काही वकील मित्र मोबदला न घेता बसू. एकच अट आहे: येताना कागद घेऊन यावे, आणि नोकरी गेली असेल तर वर्ष-दोन वर्षांनी नव्हे, त्याच आठवड्यात यावे.

जयभीम.